समजून घ्या : विज्ञान केंद्रात ‘हात लावू नका’ची पाटी का नसते?

सुट्टी लागली की अनेक कुटुंबांची पावले मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राकडे वळतात. मुले दिसेल ते बटण दाबत पुढे पळतात आणि आई-बाबा मागून ‘अरे, आधी वाच तरी!’ म्हणत राहतात. दोन-तीन तासांनी सगळेच दमतात. मग मुलांच्या लक्षात काय राहते?

ही कल्पना आली कुठून?
अणुबॉम्ब प्रकल्पाचे प्रमुख शास्त्रज्ञ रॉबर्ट ओपेनहायमर यांचे धाकटे बंधू फ्रँक हेही भौतिकशास्त्रज्ञ होते. राजकीय कारणांवरून विद्यापीठाची नोकरी सुटल्यावर त्यांनी गुरे पाळली आणि पुढे शाळेत विज्ञान शिकवले. १९६९ मध्ये त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत ‘एक्स्प्लोरेटोरियम’ सुरू केले. तिथे वस्तू काचेआड नव्हत्या. त्या हाताळायच्या होत्या. वरळीत १९७९ मध्ये, आंतरराष्ट्रीय बालवर्षात, विज्ञान उद्यान सुरू झाले आणि १९८५ मध्ये पूर्ण केंद्र खुले झाले. नागपूरचे रमण विज्ञान केंद्र आणि पणजीतील गोवा विज्ञान केंद्र याच धर्तीवरचे आहे.

हात लावल्याने काय कळते?
अशा केंद्रांत हमखास दिसणाऱ्या दोन मोठ्या तबकड्यांचे उदाहरण घ्या. त्या समोरासमोर, पण बऱ्याच अंतरावर असतात. मुले आधी समोरच्या भावंडाकडे तोंड करून ओरडतात. मग कोणी तरी पाठ फिरवून आपल्याच तबकडीत कुजबुजते आणि पलीकडे शब्द स्पष्ट ऐकू येतात. तबकडीच्या वक्र आकारामुळे विखुरणारा आवाज सरळ पुढे जातो आणि दुसरी तबकडी तो पुन्हा एका बिंदूवर गोळा करते. पाठ फिरवण्याचा तो क्षण मुलाने स्वतः शोधला, तर तो विसरत नाही.

पालकांनी काय करावे?
पाटी शेवटी वाचा. आधी ‘काय होईल असे वाटते?’ एवढेच विचारा. अंदाज चुकला तरी बिघडत नाही. उत्तर आधीच सांगितले, तर मुलाला शोधायला काही उरत नाही. सगळे पाहण्याचा अट्टहास नको. पाच-सहा प्रयोग निवांत करू द्या. ‘मलाही माहीत नाही, करून बघू’ म्हणण्यात कमीपणा नाही.

घरी काय करता येईल?
फिरत्या खुर्चीवर मुलाला दोन्ही हातांत पाण्याची एकेक भरलेली छोटी बाटली देऊन हात पसरायला सांगा आणि खुर्ची हळू फिरवा. हात छातीशी घेताच वेग वाढेल. कारण लगेच सांगू नका. ‘असे का झाले?’ हा प्रश्न त्यालाच विचारू द्या.