गाडीतली दुसरी डिपस्टिक

क्लचची कटकट नको, म्हणून मैत्रिणींनो, मी जुनी ऑटोमॅटिक गाडी हौसेने घेतली. गेल्या पावसाळ्यात आंबा घाटात इंजिन नुसतंच घोंघावायला लागलं, गाडी पुढे सरकेना. मागे मुलं! गिअरबॉक्स गेला, असं वाटून पोटात गोळाच आला. निघालं काय, तर गिअरबॉक्सचं तेल कमी. इंजिन ऑइल मी नेमाने बघायचे. पण या तेलाची डिपस्टिक वेगळी असते, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आता मीच बघते. इंजिन ऑइल गाडी बंद करून बघतात. हे तेल मात्र बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू ठेवून. (काहींचं उलट असतं, म्हणून गाडीचं पुस्तक आधी वाचा.) पंधरा-वीस मिनिटं गाडी फिरवून आणायची, सपाट जागी हँडब्रेक ओढायचा. ब्रेकवर पाय ठेवून सगळे गिअर एकदा फिरवायचे, परत 'पी'वर यायचं. ओढणी, पदर घट्ट खोचायचा, आत पंखा फिरत असतो! डिपस्टिक काढून स्वच्छ कापडाने पुसायची, पुन्हा पूर्ण घालून बघायची. तेल 'हॉट'च्या दोन खुणांमध्ये हवं.

रंग लालसर असला तर छान. काळपट दिसलं, करपल्याचा वास आला, की गॅरेज गाठा. हे तेल इंजिन ऑइलसारखं जळत नाही. कमी झालं म्हणजे कुठंतरी गळतंय. माझ्या गाडीचं सीलच गेलं होतं.

बऱ्याच नव्या गाड्यांना ही डिपस्टिक नसतेच. तिथे गॅरेजवाल्याला गाडी वर उचलूनच तपासावं लागतं.