भाड्याचे पहिले घर

पाटोद्यासारख्या तालुक्याच्या गावी भाड्याच्या घरांना गिऱ्हाईक नसते, हा समज खरा नव्हे. तहसील, पंचायत समिती, शाळा, बँका यांतील बदलीवर आलेले कर्मचारी आणि खेड्यापाड्यांतून शिक्षणासाठी येणारी मुले यांना खोल्या लागतातच. साहजिकच निर्वाह निधीच्या पुंजीतून एखादे घर घ्यावे आणि निवृत्तीनंतर त्याच्या भाड्याचा आधार व्हावा, असा विचार शिक्षक वा कारकून करू लागतो. विचार गैर नाही. परंतु भाड्याचा आकडा मांडण्याआधी कागद पाहिला पाहिजे.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामी राज्यात होता. त्या राजवटीतील इनाम जमिनींचे प्रश्न अद्याप मिटलेले नाहीत. देवस्थानाच्या सेवेसाठी दिलेली खिदमतमाश जमीन शासनाच्या परवानगीवाचून विकता येत नाही. तिच्यावर पक्के घर उभे राहिले, तरी मालकी पक्की होत नाही. तेव्हा सातबारा वा मालमत्ता पत्रक, अकृषिक परवानगी आणि किमान तीस वर्षांच्या नोंदी वकिलाकडून तपासून घेतल्याखेरीज विसाराचा एक रुपयाही देऊ नये. घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

त्यानंतर हिशेब. समजा, घर १२ लाखांचे आणि भाडे दरमहा ५ हजार. वर्षाचे ६० हजार, म्हणजे शेकडा ५. एखादा रिकामा महिना, घरपट्टी व डागडुजी वजा जाता ५० हजार हाती राहिले तरी पुष्कळ. मुद्रांक व नोंदणीचा खर्च निराळाच. गृहकर्जाचे व्याज सामान्यतः याहून अधिक असते. म्हणजे सर्वस्वी कर्जावर घेतलेले घर मालकाला पोसत नाही. मालकच त्याला पोसत राहतो.

शेवटची बाब करारनाम्याची. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, ही समजूत सार्वत्रिक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार मात्र करार लेखी व नोंदणीकृतच हवा आणि त्याची जबाबदारी घरमालकावर आहे. तसा करार नसल्यास अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. शिवाय मालक शिक्षेस पात्र ठरतो.

आयुष्यभराची बचत एकदाच गुंतवता येते. ती गुंतवताना ओळखीच्या माणसाच्या शब्दावर विसंबण्यापेक्षा चार कचेऱ्यांचे उंबरठे झिजवणे अधिक शहाणपणाचे होय.