लढाई हुकलेला सेनापती

डिसेंबर १९५६ मध्ये पंडित नेहरू अमेरिकेला गेले, तेव्हा तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांना राजधानीतून मुद्दाम आपल्या शेतावर नेले. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या गेटिसबर्ग गावाला लागून हे शेत. १९५० साली घेतले तेव्हा १८९ एकरांचे. त्यावर काळ्याभोर अँगस जातीची गुरे. बंद दाराआडच्या बैठकांपेक्षा इथे दोघांचे बोलणे मोकळेपणी झाले. यजमान होते ड्वाइट आयसेनहॉवर, दुसऱ्या महायुद्धात पश्चिम युरोपातल्या दोस्तसैन्याचे सरसेनापती. पण याच गावाच्या शिवारात, १९१८ साली, या गृहस्थांनी आपल्या उमेदीतला एक उन्हाळा नुसता चरफडत काढला होता. कारण काय, तर आपल्याला आघाडीवर पाठवत नाहीत म्हणून!

वाचकांना नवल वाटेल. घरचा मुलगा लढाईवर जाऊ नये म्हणून माणसे देव पाण्यात घालून बसतात, आणि हा अधिकारी मला पाठवा म्हणून अर्जांवर अर्ज करतो. पण त्यामागे पोकळ मर्दुमकी नव्हती.

कान्सास राज्यातल्या अ‍ॅबिलीन गावी हा मुलगा वाढला. वडील लोण्याच्या कारखान्यात नोकरीला. घरात मुलगेच मुलगे, आणि पैसा बेताचा. वडिलांनी प्रत्येक मुलाला जमिनीचा एक तुकडा तोडून दिला होता. काय लावायचे ते ज्याने त्याने ठरवावे, आणि विकून येईल तो पैसा त्याचा. ड्वाइटने आधी चौकशी केली आणि गावात खपणाऱ्या दोनच गोष्टी लावल्या, मका आणि काकडी. पुढे थोरल्या भावाच्या शिक्षणासाठी तो त्याच कारखान्यात रात्रपाळी करू लागला. लष्करी विद्यालयात शिक्षण फुकट, म्हणून तो १९११ साली वेस्ट पॉइंटला गेला. आई युद्धाच्या अगदी विरुद्ध. मुलाला तिने अडवले नाही, पण तो गेल्यावर खोलीत जाऊन रडली. धाकट्या भावाने तिचे रडणे त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.

अशा कष्टाने माणूस ज्या धंद्याचे शिक्षण घेतो, तो धंदा करायची वेळ आल्यावर त्याला बांधावर बसवले तर कसे वाटेल? अमेरिका ६ एप्रिल १९१७ रोजी युद्धात उतरली. बरोबरचे कोणी फ्रान्सला जाऊ लागले. आयसेनहॉवर यांना मात्र आधी एका पलटणीच्या सामानसुमानाचे काम मिळाले, मग जॉर्जियात नव्या अधिकाऱ्यांना शिकवण्याचे, मग कान्सासमध्ये पुन्हा तेच. अर्ज चालूच होते. अखेर वरून उत्तर आले. विनंती नामंजूर, आणि वर, एकसारखे अर्ज करता म्हणून कानउघाडणी. एका तरुण अधिकाऱ्याचा दोष काय, तर तो लढायला मागतो! ते भयंकर संतापले.

१९१८ च्या सुरुवातीला दैव फिरलेसे वाटले. रणगाड्यांची एक तुकडी फ्रान्सला जायची होती आणि तिच्याबरोबर जायचे त्यांचे नक्की झाले होते. जहाजाची व्यवस्था बघायला ते न्यूयॉर्कलाही जाऊन आले. परत येतात तो हुकूम बदललेला. तुम्ही व्यवस्था उत्तम ठेवता, तेव्हा तुम्ही इथेच राहा आणि गेटिसबर्गला रणगाडा-दलाची छावणी उभी करा. काम चांगले करण्याची ही शिक्षा. आपल्याकडेही जो बैल निमूट ओढतो त्याच्याच मानेवर जू राहते.

या छावणीचे नाव कँप कोल्ट. १८६३ साली अमेरिकेच्या यादवीतली मोठी लढाई जिथे झाली तेच हे माळ. माणसे आली, पण रणगाडा एकही नाही! एप्रिलमध्ये बर्फाचे वादळ झाले आणि जवान तंबूत काकडू लागले, तेव्हा आयसेनहॉवर यांनी गावात मिळतील तेवढ्या शेगड्या विकत घेतल्या. मालमोटारींवर मशीनगन बसवून, चालत्या गाडीतून टेकडीच्या रोखाने नेमबाजी शिकवली. पुढे एक छोटा रेनो रणगाडा आला, तेव्हा सगळी छावणी पाहायला लोटली. उन्हाळ्यात माणसांचा आकडा दहा हजारांवर गेला. त्यांचे अन्न, पाणी, औषध, शिस्त, सगळे एका सत्तावीस वर्षांच्या माणसाकडे. सप्टेंबरात इन्फ्लुएंझाची साथ आली. सुमारे दीडशे जवान फ्रान्सचा किनाराही न पाहता तिथेच गेले. पत्नी मेमी आणि वर्षाचे मूल छावणीजवळच राहत होते, त्यांची काळजी वेगळीच.

इतके करूनही मन रमले नाही. आघाडीचा नाद सोडाल तर बढतीची शिफारस करतो, असे वरिष्ठांनी सांगून पाहिले. त्यांचे उत्तर होते, मला हवे तर खालच्या हुद्द्यावर आणा, पण जाऊ द्या. शेवटी हुकूम निघाला. निघायची तारीख १८ नोव्हेंबर १९१८. आणि ११ नोव्हेंबरला युद्ध थांबले.

सात दिवस! जग आनंदाने नाचत होते, आणि हा माणूस, आपण युद्धात का नव्हतो हे आता जन्मभर लोकांना सांगत बसावे लागणार, म्हणून कपाळाला हात लावून बसला होता. शांततेत सैन्य घटले. १९२० साली मिळालेल्या मेजरच्या हुद्द्यावर त्यांनी सोळा वर्षे काढली. हुकलेली ती रणक्षेत्रे शेवटी त्यांनी पाहिली ती १९२८-२९ साली, मार्गदर्शक पुस्तकाच्या कामासाठी, वही-पेन्सिल घेऊन.

पुन्हा तोच खेळ होणार असेही वाटले. दुसऱ्या युद्धात, १९४२ च्या आरंभी, जनरल मार्शल यांनी त्यांना वॉशिंग्टनच्या कचेरीत बसवले आणि तोंडावर सांगितले की तुम्ही इथेच राहाल, बढतीची आशा धरू नका. आयसेनहॉवर फाडकन म्हणाले, बढतीची मला पर्वा नाही, नेमाल ते काम करीन. नंतर थोड्याच दिवसांत मार्शल यांनी त्यांना बढती दिली, आणि जूनमध्ये लंडनला धाडले. दहा हजारांची छावणी शून्यातून उभी करणारा माणूस आता लाखोंची व्यवस्था लावणार होता. ज्या कामाला ते कंटाळले होते तेच उपयोगी पडले, असे चरित्रकार म्हणतात. ते खरेच. पण त्यांच्या मनातला सल त्याने निघाला असेल असे मला वाटत नाही.

५ जून १९४४ ची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी नॉर्मंडीवर उतरायचे. विमानातून उड्या घेणाऱ्या जवानांमध्ये आयसेनहॉवर फिरत होते. यातले बरेच परत येणार नाहीत असा तज्ज्ञांचा इशारा होता, आणि त्यांना धाडण्याचा हुकूम त्यांचाच होता. उद्या हार झाली तर दोष सर्वस्वी माझा, अशी चिठ्ठी त्यांनी लिहून ठेवली होती. ते एकेकाला विचारत होते, गाव कोणते, घरी काय करत होतास. टेक्सासच्या एका जवानाने त्यांना सांगितले की लढाई संपली की या आमच्याकडे, आमच्या गुरांच्या वाडीवर तुम्हाला काम देतो. काळोखात विमाने एकामागून एक उडाली. सरसेनापती ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत उभे होते.