युद्ध आणि रेल्वेचे भाडे

युद्धकाळात रेल्वेचे भाडे कोणी ठरवावे? अमेरिकेच्या यादवी युद्धाने या प्रश्नाला दोन भिन्न उत्तरे दिली. एप्रिल १८६१ मध्ये माँटगोमेरी येथे दक्षिणेतील कंपन्यांनी सैनिकामागे मैलाला २ सेंट व लष्करी मालाला निम्मे भाडे मान्य केले. मोबदल्यात सरकारी रोखेही पत्करले. पुढे दर वाढले, पण चलनवाढ त्यांच्या पुढेच राहिली. अधिक भाडे देणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल आधी जाऊ लागला. झिजलेले रूळ बदलता येईनात. उत्तरेत जानेवारी १८६२ च्या कायद्याने रेल्वे ताब्यात घेण्याचा अधिकार लिंकन यांना दिला. पाठोपाठ फेब्रुवारीत कंपन्यांनी लष्करी मालाला नेहमीच्या दरात १० टक्के सूट मान्य केली. तो अधिकार क्वचितच वापरावा लागला. केवळ स्वस्त करार म्हणजे काटकसर नव्हे. भाडे परवडणारे हवे आणि त्यामागे कायद्याचे बळही हवे.