जुना ठेका, नवे शब्द

रॉक आणि हिप्-हॉप या दोन पाश्चात्त्य संगीतप्रकारांच्या चाहत्यांमधील वाद आपल्याकडील घराण्यांच्या वादाइतकाच कडवा असतो. रॉकचा अभिमानी म्हणतो, "यांना वाद्य वाजवितां येत नाहीं, गातां येत नाहीं. दुसऱ्याची तबकडी फिरवावयाची आणि तिच्यावर बडबडावयाचें, याला संगीत कोण म्हणेल ?" हिप्-हॉपचा अभिमानी उत्तर देतो कीं, गिटारीच्या त्याच तारा वर्षानुवर्षें छेडणाऱ्यांनीं नवें कांहीं सांगण्याचें केव्हांच सोडून दिलें आहे. दोघेही तावातावानें बोलतात. परंतु दोघांच्या कपाटांतील एकेक ध्वनिमुद्रिका काढून शेजारीं ठेवली, तर हा वाद बराचसा भाऊबंदकीचा आहे असें दिसून येतें.

रॉकच्या रसिकाच्या कपाटांतून काढावयाची ती लेड झेपेलिन या इंग्रज वाद्यवृंदाची १९७१ सालची चौथी ध्वनिमुद्रिका. तिच्या वेष्टनावर नांवच नाहीं, म्हणून लोक तिला नुसतें 'चौथी' म्हणतात. तिच्यांत गाणीं अवघीं आठ. सर्वांत गाजलें तें 'स्टेअरवे टु हेवन'. परंतु जाणता रसिक शेवटच्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' या गाण्याला अधिक मान देतो, आणि तो मान योग्यच आहे. या गाण्याच्या आरंभीं जॉन बॉनहॅम एकटाच ड्रम वाजवितो. हॅम्पशायरमधील हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूंत, म्हणजे एके काळच्या निराश्रितांच्या आश्रयगृहांत, हें मुद्रण झालें. ड्रम मांडले खालच्या उंच दालनांत, आणि अँडी जॉन्स या ध्वनिमुद्रकानें ध्वनिग्राहक टांगले वर जिन्यापाशीं. त्यामुळें वाद्याच्या आघाताबरोबर भिंतींचा घुमाराही मुद्रित झाला. ऐकणाऱ्याला वाटतें कीं ड्रम वाजत नसून ती सबंध इमारतच वाजत आहे.

आतां हें गाणें मूळचें कोणाचें ? १९२७ सालीं मिसिसिपी नदीला प्रचंड पूर आला, बांध फुटले आणि लाखों लोक बेघर झाले. त्यांत कृष्णवर्णीय शेतमजुरांचे हाल विशेष झाले. त्या पुरावरचें हें गाणें मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय या कृष्णवर्णीय गायक-दांपत्यानें १९२९ सालीं मुद्रित केलें. लेड झेपेलिननें तें घेतलें, चाल पालटली, आणि रचनाकारांच्या यादींत मिनीचें नांवही घातलें. प्रत्येक वेळीं मात्र त्यांनीं इतका प्रामाणिकपणा दाखविला नाहीं. 'व्होल लोटा लव्ह' या १९६९ च्या गाण्यासाठीं विली डिक्सन या ब्लूज-रचनाकारानें १९८५ सालीं दावा लावला, आणि तडजोड झाल्यावर त्याचें नांव गाण्याला जोडण्यांत आलें. दुसऱ्याच्या तबकडीची निंदा करणाऱ्या रॉक-अभिमान्यानें हें प्रकरण विसरूं नये.

हिप्-हॉपच्या रसिकाच्या कपाटांतील ध्वनिमुद्रिका म्हणजे बीस्टी बॉईज या न्यूयॉर्कच्या त्रिकुटाची १९८६ ची 'लायसेन्स्ड टु इल'. तिचें पहिलें गाणें सुरू होतांच तोच बॉनहॅमचा ठेका, तोच घुमारा ! त्यावर ब्लॅक सॅबथची गिटार आणून बसविली आहे. गाण्याच्या नांवांतच यमक आणि चोरी या दोन्हींची कबुली आहे, त्यामुळें कोणी वेगळा आरोप करण्याची सोय राहिलेली नाहीं. ही ध्वनिमुद्रिका पोरकट आहे; स्त्रियांविषयींचे तिच्यांतील उद्गार तर ओशाळें करणारे आहेत, आणि त्यांबद्दल पुढें खुद्द त्या मंडळींनींच खेद व्यक्त केला. परंतु ठेका उचलून त्याला नवें शरीर देण्याची तिची हातोटी नाकारतां येत नाहीं.

ही हातोटी आली कोठून, हें पाहण्यासारखें आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजीं न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांत, सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतींत, जमैकाहून आलेल्या कूल हर्क या तरुणानें आपल्या बहिणीच्या मेजवानींत तबकड्या वाजविल्या. नाचणाऱ्यांना गाण्यांतील सर्वांत आवडणारा भाग म्हणजे गायन थांबून नुसता ताल उरतो ती जागा, असें त्याच्या ध्यानांत आलें होतें. या जागेला 'ब्रेक' म्हणतात. ती असते कांहीं सेकंदांची. हर्कनें एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लाविल्या; एकीवरील ब्रेक संपला कीं दुसरीवरील सुरू करावयाचा, तोंवर पहिलीची सुई मागें आणावयाची. सेकंदांची जागा अशी हवी तितकी लांबली. पुढें हेंच काम ध्वनीचा तुकडा साठवून पुनःपुन्हा उमटविणारें 'सँपलर' नांवाचें यंत्र करूं लागलें.

आपल्या श्रोत्यांना यांत चमत्कारिक वाटण्यासारखें फारसें नाहीं. तबल्याच्या स्वतंत्र वादनांत हार्मोनियमवर किंवा सारंगीवर लेहरा चाललेला असतो. तोच तो, तासभर. लेहरा बदलत नाहीं म्हणून कोणी उठून जात नाहीं. कारण लक्ष असतें तें त्या स्थिर आवर्तनाच्या अंगावर तबलजी काय रचतो आणि समेवर कसा येतो याकडे. रॅपमध्यें लेहऱ्याची जागा उचललेला ठेका घेतो आणि तबल्याची जागा शब्द घेतात. गाण्यांत स्वर शोधणारा श्रोता निराश होतो, कारण तो चुकीच्या ठिकाणीं शोधीत असतो. मुंबईंतील डिव्हाइन आणि नेझी यांचें 'मेरी गली में' हें २०१५ चें गाणें, किंवा २०१९ चा 'गली बॉय' हा चित्रपट, ज्यांनीं ऐकला-पाहिला असेल त्यांना वस्तीच्या बोलीची लय ठेक्यावर कशी चढते हें निराळें सांगावयास नको.

ध्वनिमुद्रिकेच्या लांबीबद्दलही एक मत नोंदविणें अवश्य आहे. १९४८ मध्यें कोलंबिया कंपनीनें दीर्घवादी तबकडी आणली, तेव्हां तीन मिनिटांच्या मर्यादेंतून गायक सुटला. पण एका बाजूला सुमारें वीस-बावीस मिनिटें, ही नवी मर्यादा त्याला लाभली. ती मर्यादा कल्याणकारक होती. चकतीचा जमाना आल्यावर सत्तर-पंचाहत्तर मिनिटें भरण्याचा मोह हिप्-हॉपवाल्यांना आवरला नाहीं, आणि गाण्यांच्या मध्यें ते कंटाळवाणीं प्रहसनें घालूं लागले. रॉकच्या जोड-तबकड्यांतील निम्मा ऐवज असाच भरताडाचा असतो. उलट नॅसची १९९४ ची 'इलमॅटिक' पाहावी : दहा तुकडे, चाळीस मिनिटांच्या आंत, आणि करणारा वीस वर्षांचा. तिच्यांत काढून टाकण्याजोगी एक ओळ सांपडणें कठीण.

'वॉक धिस वे'चें उदाहरण या वादांत नेहमीं दिलें जातें. एरोस्मिथचें १९७५ चें हें गाणें १९८६ मध्यें रन्-डी.एम्.सी.नें, एरोस्मिथच्याच टायलर आणि पेरी यांना बरोबर घेऊन, पुन्हा केलें. अमेरिकन यादींत मूळ गाणें दहाव्या क्रमांकापर्यंत गेलें होतें, हें चौथ्यापर्यंत गेलें आणि एरोस्मिथचें उतरलेलें नशीब सांवरलें. मौज आहे, पण कलादृष्ट्या तो एक हस्तांदोलनाचा समारंभ झाला. खरें मीलन पब्लिक एनिमीच्या १९८८ च्या ध्वनिमुद्रिकेंत आहे. तेथें शेंकडों तुकड्यांचा कल्लोळ रॉकहून अधिक कर्कश, आणि त्या कर्कशपणाला कारणही तितकेंच सबळ आहे.

एवढें सर्व मान्य केलें तरी रॉक-अभिमान्याच्या आरोपांतील एक भाग शिल्लक राहतो, आणि तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. द विन्स्टन्स या वाद्यवृंदाच्या 'आमेन, ब्रदर' या १९६९ च्या गाण्यांत ग्रेगरी कोलमननें सहा-सात सेकंद ड्रम वाजविला. तो तुकडा हजारों गाण्यांत वापरला गेला. कोलमनला त्याचा एक पैसा मिळाला नाहीं, आणि २००६ मध्यें तो निर्धन स्थितींत मरण पावला. ठेका उचलणारे पुष्कळदां स्वतःही गरीब वस्तींतले होते, हें खरें. पण त्यामुळें कोलमनचें पोट भरलें नाहीं.

न्यायालयानें यावर जो उपाय केला तो दुसऱ्या टोंकाचा. १९९१ सालीं बिझ मार्की याच्याविरुद्धच्या खटल्यांत न्यायाधीशानें बायबलांतील चोरीविषयींच्या आज्ञेनेंच निकालपत्राचा आरंभ केला. तेव्हांपासून प्रत्येक तुकड्याची परवानगी विकत घेणें भाग पडलें, आणि शेंकडों तुकडे विणून केलेली ध्वनिमुद्रिका ही श्रीमंतांनाही न परवडणारी चीज झाली. पैसा जातो तो बहुधा हक्क बाळगणाऱ्या कंपनीकडे. वाजविणाऱ्या ड्रमवाल्याकडे क्वचितच.

या कचाट्यांत सर्वांत गोड ध्वनिमुद्रिका सांपडली. डी ला सोल या तिघा तरुणांची १९८९ ची 'थ्री फीट हाय अँड रायझिंग' जॉनी कॅशच्या एका गाण्यावरून नांव घेते, आणि तें गाणेंही पुराचेंच आहे. तिच्यांत रागाची भाषा नाहीं. थट्टा, कोडीं, शाळकरी खोड्या आणि देशी-परदेशी तबकड्यांतून वेंचलेले सूर आहेत. हिप्-हॉपबद्दल मन कलुषित झालेल्या घरांत प्रथम हीच लावावी. द टर्टल्स या जुन्या वाद्यवृंदाच्या गायकांनीं तिच्यावर दावा लाविला, आणि परवानग्यांच्या गुंत्यामुळें इंटरनेटवरील संगीतसेवांना ती वर्षानुवर्षें मिळेना. अखेर ३ मार्च २०२३ रोजीं ती तेथें आली. तिच्या तिघां कर्त्यांपैकीं डेव्हिड जॉलिकर त्यापूर्वीं तीन आठवडे, १२ फेब्रुवारीला, वारला होता.