थेंब कोठून गळतो?

एप्रिल लागला की वाशीम, कारंजा, रिसोडकडे घरोघरी खिडक्यांत कूलर बसतात. तुमच्या कूलरच्या टाकीत कधी डोकावून पाहिले आहे का? पाण्यावर एक पोकळ गोळा तरंगत असतो. पाणी कमी झाले की गोळा खाली येतो आणि त्याच्या दांडीला जोडलेली झडप उघडते. पाणी ठरावीक रेषेवर आले की गोळा वर उचलला जातो आणि झडप बंद होते. गोळा फुटला किंवा झडपेत खडा अडकला तर टाकी काठोकाठ भरते आणि रात्रभर भिंतीवरून पाणी ओघळते. अशा वेळी टाकीच्या काठाला सिमेंट लावायला कोणी जात नाही.

मोटारीचा कार्ब्युरेटर गळू लागला म्हणजे मात्र शहाणी माणसेही हीच चूक करतात. थेंब जेथे दिसतो तेथला स्क्रू आवळत बसतात.

समजा, तुमच्या नात्यातल्या एखाद्या घरी, गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जुनी प्रीमियर पद्मिनी उभी आहे. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. गाडी त्याच्या थोडी आधीची, म्हणून तिच्या पाटीवर ३७ नसून अकोल्याचा ३० आहे. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली, पण खेड्यापाड्यांतून अशा गाड्या अजून जपून ठेवलेल्या आढळतात. काका गाडी सुरू करतात आणि शेडमध्ये पेट्रोलचा वास पसरतो. शेजारी म्हणतात, भंगारात द्या. देण्याआधी जरा विचार करू या.

इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोलचे तुषार योग्य प्रमाणात मिसळणे हे कार्ब्युरेटरचे काम. नळीच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तेथे दाब कमी होतो आणि शेजारच्या वाटीतले पेट्रोल बारीक तोंडातून वर खेचले जाते. वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे पंधरा भाग हवा लागते. हे ऐकायला साधे वाटते. आकारमानात मांडले तर गंमत कळते. एक लिटर पेट्रोलला साधारण ९ हजार लिटर हवा लागते. वाशीम समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे. त्यात पारा ४२ अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते की हाच आकडा १० हजारांच्या वर जातो.

एवढे नाजूक प्रमाण राखायचे तर वाटीतल्या पेट्रोलची पातळी तुषारांच्या तोंडाच्या किंचित खाली, काही मिलिमीटरच्या आत, कायम राहिली पाहिजे. ती राखतो कूलरसारखाच एक फ्लोट. तो तरफेने निडलला, म्हणजे सुईसारख्या निमुळत्या झडपेला, वर दाबून धरतो. पातळी चढली की पेट्रोल तोंडातून आपोआप सांडते. आणखी चढली की झाकणाखालच्या पॅकिंगमधून झिरपते. थेंब तेथे दिसतो, पण दोष बहुधा पातळीत असतो.

आता थोडे गणित करू. पद्मिनीची टाकी मागे असते आणि इंजिनावरचा पंप तेथून पेट्रोल ओढतो. पंपाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला पाव किलोग्रॅम धरा, आणि निडलखालच्या भोकाचा व्यास २ मिलिमीटर. क्षेत्रफळ ०.०३१४ चौरस सेंटिमीटर. म्हणून निडलवर खालून किंवा वरून, जसे बसवले असेल तसे, जवळजवळ ८ ग्रॅम वजनाइतके बल येते. तरफ फ्लोटचा जोर तिप्पट करते असे माना. मग फ्लोटला पावणेतीन ग्रॅम वजनाइतका जास्तीचा उचल हवा. पेट्रोलची घनता ०.७४ आहे, तेव्हा तो आणखी साडेतीन घन सेंटिमीटर बुडला की काम झाले. एवढ्याशा बळावर सारा कारभार चालतो! कोणी हौसेने नव्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीचा पंप बसवला तर दाब सुमारे १२ पट होतो आणि बिचारा फ्लोट हरतो. मग कार्ब्युरेटर कितीही नवा असो, गळणारच.

पितळी फ्लोटला केसाएवढे भोक पडले तर? आत ३ घन सेंटिमीटर पेट्रोल शिरले तर फ्लोट सव्वादोन ग्रॅमनी जड झाला. तेवढाच जोर पुन्हा मिळवायला त्याला ३ घन सेंटिमीटर जास्त बुडावे लागते. फ्लोटचा आडवा छेद १० चौरस सेंटिमीटर असेल, तर पातळी ३ मिलिमीटर वर जाते. तेवढे गळायला पुरेसे आहे.

हे भोक डोळ्यांना दिसत नाही. जुने मिस्त्री फ्लोट कानाशी नेऊन हलवतात आणि आत खुळखुळ ऐकतात. दुसरी युक्ती अधिक सुरेख आहे. फ्लोट गरम पाण्यात बुडवतात; आतली हवा प्रसरण पावते, पेट्रोलची वाफ होते आणि भोकातून बुडबुड्यांची माळ निघते. पाणी मात्र दुसरीकडे तापवून आणलेले हवे, शेजारी शेगडी नको. डाग देण्यापूर्वी आतले पेट्रोल पूर्ण घालवावे लागते, नाहीतर फ्लोट हातात फुटेल. शिवाय डागाचे कथिलही जड असते! एक ग्रॅम कथिल चढले की पातळीही चढली. म्हणून चांगला मिस्त्री कथिल कानसून काढतो. प्लॅस्टिकचा फ्लोट सरळ बदलतात.

तपासाला सुरुवात कोठून करावी? माझे मत विचाराल तर घड्याळापासून. गाडी केव्हा गळते ते आधी पाहा.

इंजिन चालू असताना गळत असेल तर पंप, निडल आणि फ्लोट यांच्याकडे पाहायचे. बहुतेक वेळा निडलच्या बैठकीत कचरा असतो. उभ्या गाडीतल्या पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि उरलेल्याचा प्राणवायूशी संयोग होऊन चिकट राळ बनते. आता यात एक नवी भर पडली आहे. २०२५ पासून आपल्याकडच्या पंपांवर पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतली ओल शोषते, आणि इथेनॉलचा विचार न करता बनवलेल्या जुन्या रबरी नळ्या व पडदे त्याने फुगतात, मऊ पडतात किंवा तडकतात. त्यांचे कण थेट निडलपर्यंत पोचतात. म्हणून जुन्या गाडीत आधी नळ्या बदलाव्या, मग कार्ब्युरेटर उघडावा. उलट केले तर महिन्याभरात तेच काम पुन्हा करावे लागते.

गरम गाडी बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटेच गळत असेल, तर कदाचित काहीच बिघडलेले नाही. पेट्रोलचे हलके घटक ३५-४० अंशांना उकळू लागतात. इंजिन थांबले की पंखाही थांबतो आणि इंजिनाची धग वर कार्ब्युरेटरकडे जाते. वाटीतले पेट्रोल उकळून तोंडावाटे उतू जाते, दूध उतू जाते तसे. मे महिन्यात बाजारात गाडी उभी केली की हे हमखास घडते. यावर सावली आणि बॉनेट जरा उघडे ठेवणे, हाच उपाय.

आणि बंद गाडी रात्रभर थेंब थेंब गळत असेल तर? पंप बंद आहे, टाकी मागे आणि खाली आहे. तेव्हा गळते ते बव्हंशी वाटीतलेच पेट्रोल. तडा, खालचा बूच किंवा पॅकिंग तपासावे. स्कूटरची गोष्ट वेगळी. तिची टाकी कार्ब्युरेटरच्या वर असते, म्हणून जुन्या चेतकचा पेट्रोलचा कॉक बंद करण्याची शिस्त होती.

स्क्रू आवळण्याचा परिणामही सांगायला हवा. कार्ब्युरेटर मऊ मिश्रधातूचा ओतीव असतो. फार आवळले की झाकणाचे कान खाली वाकतात आणि मधला भाग उचलला जातो. गळती वाढते, मग माणूस आणखी आवळतो. झाकण सपाट काचेवर ठेवा. डुगडुगले तर ते वाकले आहे. काचेवर बारीक पॉलिश पेपर अंथरून ते हलक्या हाताने घासले की पुन्हा सपाट होते.

हे सारे तुम्ही शिक्षकांबरोबर किंवा मिस्त्रींशेजारी उभे राहून पाहा. उघडणे त्यांच्याकडे सोडा. पेट्रोलची वाफ हवेच्या तीन-चार पट जड असते. ती शेडच्या जमिनीवर साचते आणि दूरच्या चुलीपर्यंत सरपटत जाते. हवेत दीड टक्का वाफ झाली की ठिणगी पुरे. अॅम्बेसेडरमध्ये तर कार्ब्युरेटर आणि तापलेली धुराड्याची नळी एकाच बाजूला असत. म्हणून गाडी उघड्यावर ढकलत न्यावी, बॅटरीची तार सोडावी, आणि जवळ वाळूची बादली ठेवावी. पाणी नको, कारण पेट्रोल पाण्यावर तरंगत जळते.

तुम्हाला स्वतः करायचा प्रयोग कूलरवर करा, अर्थात विजेचा प्लग काढून. फ्लोटला दोऱ्याने एक लहान नट बांधा आणि पाण्याची रेषा किती वर जाते ते पट्टीने मोजा. मग दोन नट बांधा.

दुरुस्तीनंतर इंजिनाखाली रात्रभर वर्तमानपत्र पसरून ठेवण्याची पद्धत आहे. सकाळी कागद कोरडा दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका. तेलाचा डाग राहतो, पेट्रोलचा उडून जातो. कागदाकडे नंतर पाहा. आधी कार्ब्युरेटरच्या पोटाखाली नवा पिवळसर तपकिरी ओघळ उमटला आहे का ते पाहा.