दिवाणखान्याला किती वॅट लागतात?

1978 साली नॅड या कंपनीने 3020 नावाचा एक अ‍ॅम्प्लिफायर बाजारात आणला. करड्या रंगाची साधी पेटी, पुढे मोजकी बटणं, वॅट दाखवणारे छोटे दिवे. कागदावर ताकद दर चॅनेलला अवघी 20 वॅट. त्या काळी जपानी कंपन्यांची चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची यंत्रं मोठमोठ्या आकड्यांवर विकली जात होती, आणि त्यांच्या शेजारी ही पेटी दुकानात गरीब दिसे. तरीही घरात बसून गाणं ऐकणाऱ्यांच्या जगात तिने जे स्थान मिळवलं ते फार थोड्या यंत्रांना मिळालं. तिचा आराखडा एरिक एडवर्डसन या नॉर्वेजियन अभियंत्याचा होता, आणि त्याने स्वतःला विचारलेला प्रश्न मला आजही अ‍ॅम्प्लिफायर घेणाऱ्या प्रत्येकाने विचारावा असा वाटतो: माझ्या घरातला खराखुरा स्पीकर या यंत्राकडून नेमकं काय मागणार आहे?

प्रयोगशाळेत अ‍ॅम्प्लिफायर मोजतात तो 8 ओहमच्या एका साध्या रोधावर. स्पीकर तसा नसतो. त्याच्या पाठीवर 8 ओहम छापलेलं असलं तरी स्वर बदलेल तसा त्याचा रोध वरखाली होतो. मोजमापाच्या प्रमाणानुसार तो छापील आकड्याच्या 80 टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे 8 ओहमचा स्पीकर 6.4 च्या खाली उतरू नये, पण कितीतरी स्पीकर ही मर्यादा सर्रास ओलांडतात. रोध घसरला की स्पीकर जास्त विद्युतप्रवाह मागतो. नेमक्या त्या क्षणी अ‍ॅम्प्लिफायर कमी पडला तर आवाजाची लहर माथ्यावर छाटली जाते. तबल्याची थाप बोथट होते, तार सप्तकातला गळा चिरका लागतो. एडवर्डसनने 20 वॅटच्या यंत्राला असे क्षण निभावता येतील इतका साठा दिला. क्षणिक ताकदीचे कंपनीचे आकडे 8 ओहमला 40, 4 ओहमला 58 आणि 2 ओहमला 72 वॅट असे होते. शिवाय यंत्र मर्यादेपलीकडे गेलंच, तर लहर कडेवर कापली न जाता हळूच गोलाकार व्हावी, अशी एक सोयही त्यात होती.

त्या पेटीच्या पाठीमागे इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचे धातूचे दोन जोड असत. इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे काय, ते त्या जोडांकडे बघून एका दृष्टिक्षेपात कळतं. जोडांच्या एका बाजूला प्रीअ‍ॅम्प: कोणतं साधन वाजवायचं ते निवडणारा, बेस-ट्रेबल आणि आवाज कमीजास्त करणारा भाग. दुसऱ्या बाजूला पॉवर अ‍ॅम्प: स्पीकरचा पडदा हलवणारा भाग. जोड उपसून काढले की एकाच पेटीची दोन स्वतंत्र यंत्रं होत. आजच्या पेटीत यांच्या जोडीला रेकॉर्ड प्लेअरसाठीचा फोनो विभाग, डिजिटलचं अ‍ॅनालॉग करणारा डॅक, ब्लूटूथ आणि इंटरनेटवरून गाणी ओढणारा स्ट्रीमर अशी बरीच पाहुणेमंडळी आली आहेत. त्यांतली कोण हवीत, याकडे पुढे येतोच.

आधी वॅटचा हिशेब मांडू, कारण खरेदीत सर्वाधिक पैसे तिथे वाया जातात.

आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये बसणारा मध्यम आकाराचा स्पीकर घ्या. 1 वॅट दिला की 1 मीटरवर तो साधारण 87 डेसिबल आवाज देतो, असं धरू. ऐकणारा 3 मीटरवर बसला तर खोलीतल्या भिंतींची साथ धरूनही 7-8 डेसिबल कमी होतात. स्पीकर दोन असल्याने 3 डेसिबल परत मिळतात. म्हणजे दर चॅनेलला 1 वॅट गेला की आपल्या कानाशी सुमारे 82 डेसिबल पोचतात. हा आवाज घरासाठी मोठाच आहे. रोजच्या ऐकण्यात सरासरी 72 डेसिबल भरपूर झाले, आणि 10 डेसिबल कमी म्हणजे ताकद एक दशांश. तेव्हा एखादा विलंबित ख्याल आपण रमून ऐकत असतो तेव्हा सरासरी खर्च होत असतो दर चॅनेलला 0.1 वॅट. तबल्याची थाप किंवा गळ्यातून फुटलेली तान सरासरीच्या 20 डेसिबल वर गेली, म्हणजे शंभर पट ताकद मागू लागली, तरी गरज 10 वॅटची. स्पीकरचा रोध घसरण्याची आणि एखाद्या दिवशी हौसेने आवाज वाढवण्याची सोय धरून 30-40 वॅटचा चांगला अ‍ॅम्प्लिफायर अशा घराला पुरून उरतो.

40 ऐवजी 80 वॅट घेतले तर काय मिळतं? फक्त 3 डेसिबल. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल, म्हणजे दहापट ताकद लागते. चाळीसवरून ऐंशीवर जाण्यासाठी मोजलेले जादा पैसे स्पीकरमध्ये घातले असते तर फरक पहिल्या मिनिटात ऐकू आला असता. 1990 च्या दशकात आपल्या बाजारात पीएमपीओ नावाच्या मापाने धुमाकूळ घातला होता. हातात मावणाऱ्या टेपरेकॉर्डरवर हजारो वॅट छापलेले असत. त्या आकड्यामागे कोणतंच ठरलेलं मोजमाप नव्हतं. अमेरिकेत तर अशा फुगवलेल्या आकड्यांना आळा घालायला 1974 सालीच सरकारी नियम करावा लागला. आजही माहितीपत्रकात सलग ताकद, दोन्ही चॅनेल एकाच वेळी चालू असताना, 20 ते 20,000 हर्ट्‌झ, 8 ओहम आणि विकृतीचं (डिस्टॉर्शनचं) प्रमाण, या पाचही गोष्टी एकत्र लिहिलेल्या असतील तोच आकडा धरावा.

मग सगळे सुस्थितीतले अ‍ॅम्प्लिफायर सारखेच वाजतात का? या प्रश्नावर माणसं हमरीतुमरीवर येतात. 1978 सालीच जेम्स मॉयर यांनी क्वाड कंपनीचे तीन पिढ्यांचे अ‍ॅम्प्लिफायर, एक व्हॉल्व्हचा आणि दोन ट्रान्झिस्टरचे, पडद्याआड ठेवून ऐकवण्याची चाचणी घेतली. आवाजाची पातळी नेमकी जुळवलेली आणि कोणत्याही यंत्रावर मर्यादेबाहेर ताण नाही, अशा स्थितीत जाणत्या श्रोत्यांनाही त्यांतला फरक खात्रीने सांगता आला नाही. मला हा निष्कर्ष पटतो. एक यंत्र दुसऱ्यापेक्षा जरासं मोठं वाजत असेल तर कान त्यालाच अधिक चांगलं म्हणतो, आणि दुकानातल्या बहुतेक तुलना तिथेच फसतात. फरक उघड होतो तो ताण आल्यावर, अवघड स्पीकर जोडल्यावर, आणि ज्या सोयी-गैरसोयींचा माहितीपत्रकात पत्ता नसतो तिथे. म्हणून माझ्या मते निवड व्हावी ती या दुसऱ्या गोष्टींवर, आणि आपण काय ऐकतो यावर.

मराठी घरातल्या संग्रहाकडे बघा. त्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन मिनिटांच्या तबकड्यांवरून उतरवलेलं गाणं असतं, आकाशवाणीचं जुनं ध्वनिमुद्रण असतं, नाट्यपदं, भावगीतं, आणि मग अलीकडचं स्वच्छ डिजिटल मुद्रण. 78 गतीच्या तबकड्यांच्या काळात प्रत्येक कंपनी बेस आणि ट्रेबल आपापल्या पद्धतीने कोरत असे. सगळ्यांसाठी एकच आरआयएए वक्र आला तो 1954 मध्ये. त्यामुळे जुनं गाणं कधी करकरीत वाजतं, कधी दबलेलं. ते सुसह्य करायला बेस-ट्रेबलची बटणं हवीतच. महागड्या यंत्रांतून ती शुद्धतेच्या नावाखाली काढून टाकण्याची पद्धत पडली आहे आणि मला ती अजिबात मान्य नाही. पीटर बॅक्सँडॉल यांनी 1952 साली मांडलेली टोन कंट्रोलची मांडणी इतकी सुबक आहे की बटण मधोमध ठेवलं तर ती आवाजाला जवळपास धक्काही लावत नाही. नको तेव्हा मधोमध ठेवावं. पण नसलेलं बटण हवं तेव्हा कुठून आणणार?

दुसरी गोष्ट रात्रीच्या ऐकण्याची. पट्टी काळी एक असलेल्या गायकाचा षड्ज 139 हर्ट्‌झच्या आसपास असतो, आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याखाली एक सप्तक, म्हणजे सुमारे 69 हर्ट्‌झवर. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 सालीच दाखवलं होतं की आवाज कमी झाला की आपला कान खालच्या स्वरांना अधिक बहिरा होतो. घरातले झोपले म्हणून आवाज उतरवला की खर्ज आणि डग्ग्याचा घुमार आधी नाहीसा होतो, आणि गाणं पाय काढून घेतल्यासारखं अधांतरी वाटतं. लाउडनेसचं बटण असतं ते याच्यासाठी. यामाहाच्या ए-एस501 सारख्या मॉडेलवर ते चालू-बंद एवढ्यापुरतं नसून हवं तितकं फिरवता येतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आणि रात्री उशिरा ऐकणाऱ्या माणसाला त्या एका बटणाचा उपयोग आणखी पन्नास वॅटपेक्षा जास्त होईल.

याच मंद आवाजात व्हॉल्यूमच्या बटणाचीही परीक्षा होते. स्वस्त व्हॉल्यूम कंट्रोलमधल्या डाव्या-उजव्या पट्ट्या अगदी सुरुवातीच्या भागात एकसारख्या नसतात. ‘गीतरामायण’ 1955 मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित होऊ लागलं, तेव्हाचं मुद्रण मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरांतून हुबेहूब तोच आवाज यायला हवा. दुकानात तसलं जुनं मोनो गाणं लावावं, दोन स्पीकरांच्या बरोबर मधोमध बसावं आणि आवाज हळूहळू कमी करत न्यावा. सुधीर फडक्यांचा आवाज शेवटपर्यंत दोन स्पीकरांच्या मध्यावर उभा राहिला पाहिजे. तो एका बाजूला सरकला, किंवा एक स्पीकर आधी गप्प झाला, तर ते यंत्र रात्रीच्या कामाचं नाही. मग गाणं थांबवून, काही न वाजवता आवाज अर्ध्याच्या वर न्यावा आणि स्पीकरपाशी कान लावावा. बारीक सळसळ चालेल. घुंई ऐकू आली तर दुकानदाराला कारण विचारावं.

घरी आल्यावर घुंई सुरू झाली तर मात्र लगेच यंत्राला दोष देऊ नये. आपल्या 50 हर्ट्‌झच्या विजेमुळे ती 50 किंवा 100 हर्ट्‌झवर येते, आणि पुष्कळदा तिचं मूळ केबल टीव्हीच्या तारेत असतं. सेट-टॉप बॉक्सची तार बाहेरून स्वतःचं वेगळं अर्थिंग घेऊन येते आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थिंगशी तिचं वर्तुळ जुळतं. ती तार काढून बघावी. घुंई थांबली तर टीव्ही ऑप्टिकल केबलने जोडावा, कारण तिच्या काचेच्या किंवा प्लास्टिकच्या धाग्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. ऑप्टिकल सॉकेट असलेलं मॉडेल घ्यायचं हे एक मोठं कारण. पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर जुन्या इमारतीतलं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावं, आणि तीन पिनांतली तिसरी पिन कधीही काढू नये.

स्पीकरच्या तारेवर फार पैसे घालवू नयेत. पुण्यातल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर मिळणारी 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचीक वायर 3 मीटर टाकली तर जाऊन-येऊन तिचा रोध सुमारे 0.04 ओहम भरतो. 8 ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य आहे.

आता त्या पाहुण्यांकडे. रेकॉर्ड प्लेअर असेल किंवा घ्यायचा असेल तर फोनो विभाग हवा. साध्या एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) सुईतून येणारा संदेश 5 मिलिव्होल्टच्या आसपास, तर सीडी प्लेअरचा 2 व्होल्ट, म्हणजे चारशे पट. एवढ्या नाजूक संदेशाला वेगळी हाताळणी लागते. मॅरांट्झच्या पीएम6007 सारख्या 45 वॅटच्या यंत्रात फोनो आणि डॅक दोन्ही आहेत, आणि बहुतेक घरांना एवढं पुरेसं आहे. इंटरनेटवरून वाजवणारा स्ट्रीमर मात्र शक्यतो वेगळा घ्यावा. अ‍ॅम्प्लिफायरचा गाभा नीट जपला तर तीस वर्षं चालतो. अ‍ॅप, वाय-फायची पद्धत आणि कंपन्यांचे करार पाच-सात वर्षांत बदलतात. निरुपयोगी झालेला छोटा डबा बदलता येतो, चांगल्या यंत्राच्या पोटातला निरुपयोगी भाग सहसा बदलता येत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना एकच पेटी आणि एकच रिमोट हवा असेल तर सगळं एकत्र असलेलं यंत्र जरूर घ्यावं. ती सोय खरी आहे.

क्लास डी पद्धतीच्या चिमुकल्या, स्वस्त पेट्यांविषयी हल्ली खूप विचारणा होते. त्या तापत नाहीत, वीज कमी खातात आणि चांगल्या बनवलेल्या असतील तर उत्तम वाजतात. मात्र त्यांच्यावर छापलेला आकडा बहुधा 4 ओहमचा आणि भरपूर विकृतीसकटचा असतो, आणि सोबत आलेला अ‍ॅडाप्टर तेवढी वीज देऊच शकत नाही. अ‍ॅडाप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर गुणावेत. त्याहून जास्त वॅट सलग बाहेर पडणं शक्य नाही.

पारंपरिक क्लास एबी यंत्र तापतं, आणि काचेच्या शोकेसमध्ये कोंडलं तर लवकर म्हातारं होतं: कपॅसिटरचं तापमान 10 अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. वर मोकळी जागा ठेवावी. मुंबई, कोकण, गोव्यात खाऱ्या हवेने रिले आणि बटणांचे संपर्क गंजतात. मग एक चॅनेल येतो-जातो, नॉब फिरवताना खरखर होते. दुरुस्ती किरकोळ असते, पण ती करणारा माणूस गावात आहे का, हे खरेदीआधी विचारून ठेवावं.

वापरलेलं यंत्र घेणाऱ्यांसाठी हे सगळं दुपटीने लागू. जपानमधून आलेली जुनी, देखणी यंत्रं बऱ्याचदा 100 व्होल्टवर चालणारी असतात, अमेरिकेतली 120 वर. आपल्या 230 व्होल्टला थेट लावली तर ती जळतात. पाठीमागची पट्टी वाचावी, आणि गरज असेल तर पुरेशा ताकदीच्या स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरचे पैसे किमतीत धरावेत. झाकण उघडून फुगलेले कपॅसिटर, करपलेला बोर्ड दिसतो का ते पाहावं. जुने आउटपुट ट्रान्झिस्टर आता बनत नाहीत आणि त्यांच्या नावाने बाजारात बनावट माल फिरतो, म्हणून आत आधी दुरुस्ती झाली असेल तर कोणते भाग बदलले आणि कुठून आणले, याचं उत्तर मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत.